पुढचे दोन इंच



पत्रिकेवर आमचा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. या व्यासपीठावर संतवाङ्मयाची, अर्थकारणाची आणि इतिहासाची वहिवाट जुनी आहे. तेथे आम्ही ग्रीसने माखलेले हात घेऊन उभे आहोत. मोटारीची पुढची बाजू दोन इंच उचलावी की न उचलावी, हा प्रश्न फिटरच्या दुकानात बसून सोडवावा, त्यासाठी सभा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रस्ता ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. त्या रस्त्यावर एकाने आपली गाडी उंच केली की समोरून येणाऱ्या लहान गाडीतल्या माणसाचा, आणि गाडीच्या नाकासमोरून रस्ता ओलांडणाऱ्या पोराचा, त्या उंचीशी संबंध येतो. म्हणून हा विषय सभेचाही आहे.

तरुण मंडळी आम्हांला नेहमी एकच प्रश्न विचारतात. "पुढून दोन इंच उचलली, तर मोठे टायर बसतील ना?" आमचे उत्तर असे की, बसतील, गाडी उभी असेपर्यंत बसतील. आजचे आमचे सारे बोलणे म्हणजे या 'उभी असेपर्यंत'चा विस्तार आहे, असे समजावे.

ही हौस मूळची अमेरिकेतली. तेथे ज्याला सरसकट ट्रक म्हणतात तो आपला दहाचाकी मालट्रक नव्हे. पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी जी गाडी आपण पिकअप म्हणून ओळखतो, ती तेथे घरोघर असते. या गाडीची एक गंमत आहे. हौद्यात माल पडला की मागची बाजू दबणार, हे कारखानदाराला ठाऊक असते. म्हणून रिकामी गाडी तो मागून थोडी उंच ठेवतो. रिकामी पिकअप त्यामुळे गव्हाणीत मान घातलेल्या बैलासारखी पुढे झुकलेली दिसते. ज्यांच्या हौद्यात वर्षातून एकदाही माल पडत नाही, त्यांना हे झुकणे खुपते. मग पुढच्या स्प्रिंगवर ठोकळे घालून गाडी समपातळीत आणायची, आणि वाढलेल्या पोकळीत मोठे टायर घालायचे. या ठोकळ्यांचा तेथे मोठा व्यापार आहे. तो आता आपल्याकडेही येऊन पोहोचला आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांवर जीप घेऊन जाणाऱ्या मंडळींत त्याची चर्चा आम्ही नेहमी ऐकतो.

मोठ्या चाकाची ओढ अगदीच निराधार आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या बैलगाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या आसपास होते ते हौसेखातर नव्हे. चाक जितके मोठे, तितका दगड त्याला लहान. याचा हिशेब यंत्रशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातल्या सूत्राने करता येतो. अनेक पिकअप गाड्यांना २६५/६५ आर १७ या मापाचा टायर येतो. त्याचा व्यास ७७६ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३८८. हौशी लोक त्याच्या जागी २८५/७० आर १७ घालतात. त्याचा व्यास ८३१, त्रिज्या सुमारे ४१५. आता समोर १५० मिलिमीटर उंचीचा दगड आहे असे धरा. चाक टणक मानले, तर त्यावर चढण्यासाठी लहान चाकाला आपल्यावरील भाराच्या १.२९ पट आडवा जोर लागतो, मोठ्याला १.२१ पट. म्हणजे फायदा सहा टक्क्यांचा. फायदा आहे, पण तेवढाच आहे. शिवाय टायर टणक नसतो, तो दगडावर दबतो आणि त्याला कवेत घेतो. दगडधोंड्यांच्या वाटेवर शिरताना हवा थोडी कमी केली, तर जुन्या टायरलाच यापेक्षा मोठा लाभ होतो आणि त्याला पैसा लागत नाही. वाट संपली, डांबर लागले, की हवा पुन्हा भरावी लागते एवढेच. या 'एवढेच'कडे आपण पुढे परत येणार आहोत.

आता मोकळीक. मोकळीक म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांमधले अंतर. मोठा टायर घातला की व्यास ५५ मिलिमीटरने वाढतो, पण चाकाचा मध्य निम्म्यानेच वर जातो. म्हणजे मोकळीक २७ मिलिमीटर, एक इंचभर वाढली. उरलेले दोन इंच जे आपण ठोकळ्याने मिळवतो, ते कोठे मिळतात? पुढच्या सांगाड्याखाली. पिकअपचा मागचा आस अखंड असतो. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लोंबत असतो आणि गाडीखालची बहुधा तीच सर्वांत ठेंगणी जागा असते. पुढे कितीही ठोकळे घाला, तो गोळा केसभरही वर येत नाही. पुढचे नाक ज्या दगडावरून ऐटीत गेले, त्याच दगडावर मागचा गोळा आपटतो. खर्च पुढे केला आणि मार मागे बसला, अशी ही गोष्ट आहे. नाक उचलल्याने एक लाभ खरोखर होतो, तो म्हणजे समोरच्या चढाला बंपर घासत नाही. तो ज्याला हवा आहे त्याने त्यासाठी उचलावी. मोकळीक वाढली असे म्हणू नये.

आजच्या बहुतेक पिकअप गाड्यांत पुढची दोन चाके एकमेकांपासून सुटी असतात. प्रत्येक चाकाला सांगाड्यापासून निघालेल्या दोन आडव्या भुजा धरून ठेवतात, एक वर आणि एक खाली. दाराच्या बिजागरीवर फळी हलावी तशा त्या वरखाली हलतात. खालच्या भुजेवर उभी स्प्रिंग बसवलेली असते आणि तिच्या पोटात शॉक अ‍ॅब्सॉर्बर. येथे एक बारकावा आहे. स्प्रिंग भुजेच्या साधारण मध्यावर टेकते आणि चाक टोकाला असते. त्यामुळे स्प्रिंगच्या माथ्यावर एक इंचाचा ठोकळा घातला, तर चाकापाशी जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते दोन इंच हवे म्हणून दोन इंचांचा ठोकळा आणतात, गाडी चार इंच उचलली जाते, आणि खालच्या सांध्यांना आपले अंग कोठे वळवावे हे कळेनासे होते.

आपल्याकडे २०१० साली आलेल्या पहिल्या महिंद्र थारला पुढे अशी उभी स्प्रिंग नव्हती. तिच्या पुढच्या चाकांचा भार पिळल्या जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांवर, म्हणजे टॉर्शन बारवर होता. २०२० साली आलेल्या नव्या थारला पुढे दोन भुजा आणि उभी स्प्रिंग आहे. जुन्या थारचा बोल्ट आवळला की गाडी पुढून वर येते. पाना आणि पाच मिनिटे एवढेच भांडवल लागत असल्यामुळे हा उपाय रस्त्याकडेच्या गॅरेजात फार लोकप्रिय झाला. बोल्ट आवळल्याने स्प्रिंग कडक झाली असे मालकाला वाटते, कारण गाडी धक्के देऊ लागते. वस्तुतः दांडी होती तितकीच ताठ असते. झालेले असते ते असे : चाकाला खाली लोंबण्यासाठी जी जागा होती ती आपण आधीच खर्च करून टाकलेली असते. समजा, चाकाला खड्ड्यात उतरायला चार इंच होते. दोन इंच गाडी उचलण्यात गेले, उरले दोन. आता जरासा खड्डा आला की चाक लोंबण्याच्या शेवटास पोहोचते आणि खट् आवाज करून थांबते. तो आवाज सांध्यांचा असतो. मालक म्हणतो, सस्पेन्शन मजबूत झाले! तिकडे बॉल जॉइंटचे रबर फाटू लागलेले असते.

त्याहून जुन्या, पाट्यांच्या जीपमध्ये पाट्याच्या एका टोकाला जो हलता दुवा असतो, ज्याला शॅकल म्हणतात, तो लांब करून गाडी उचलतात. तेथे हिशेब उलटा. शॅकल दोन इंचांनी लांबवला तर आस एकच इंच उचलला जातो, कारण पाट्याचे दुसरे टोक जागेवरच असते. पण एक टोक खाली गेल्यामुळे आस थोडा पालथा किंवा उताणा होतो. या कलण्याचे परिणाम स्टिअरिंगवर उमटतात. त्याकडे लवकरच वळू.

आता मुख्य मुद्दा. मोठा टायर कोठे घासतो? गाडी उभी असताना मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चार बोटे घालून पाहतात आणि जागा भरपूर आहे असे म्हणतात. परंतु उभी असताना टायर घासला अशी तक्रार घेऊन कोणी येत नाही. टायर घासतो तो चाक पूर्ण दबलेले असताना, आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवलेले असताना. घाटातल्या वळणावर खड्डा येतो तेव्हा नेमके हेच घडते. चाक किती वर जाऊ शकते हे स्प्रिंग ठरवीत नाही. सांगाड्यावर बसवलेला रबरी अडथळा ठरवतो. भुजा त्यावर आपटली की चाक थांबते. ठोकळा घातल्याने हा अडथळा खाली सरकत नाही. म्हणून उचललेल्या गाडीचे चाक दबून दबून शेवटी जेथे थांबते, ती जागा न उचललेल्या गाडीत होती तीच असते. फरक एवढाच की तेथे पोहोचण्यासाठी आता दोन इंच जास्त प्रवास करावा लागतो. भर वेगात मोठा खड्डा आला तर ते दोन इंच डोळ्याचे पाते लवण्याआधी संपतात, आणि मोठा टायर आतल्या पत्र्याला, कधी सांगाड्यालाच, भिडतो. उभ्या गाडीत मिळालेली जागा चालत्या गाडीत कामाला येत नाही, असा याचा अर्थ. ठोकळे विकणाऱ्यांच्या पेटीवर ही गोष्ट छापलेली आम्ही अजून पाहिली नाही.

रुंदीचेही असेच आहे. २६५ हे आकडे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. २८५ म्हणजे वीस मिलिमीटर अधिक, दहा आत आणि दहा बाहेर. पुष्कळ लोक त्याबरोबर बाहेर उठून दिसणारी रिमही घेतात. मग स्टिअरिंग वळवल्यावर टायरचा बाहेरचा कोपरा अधिक मोठे वर्तुळ काढतो आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला लागतो. येथे उंचीचा काही उपाय नाही. ज्याने मूळच्या रिमवर थोडा मोठा टायर चढवला त्याचे अनेकदा निभावते. ज्याने रिम बदलली त्याला पत्रा कापावा लागतो.

स्टिअरिंगविषयी थोडे. चाक ज्या कल्पित रेषेभोवती वळते ती रेषा सरळ उभी नसते, वरच्या टोकाने किंचित मागे झुकलेली असते. सायकलचा पुढचा चिमटा आठवावा. हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते, त्याला हे झुकणे मदत करते. मोटारीत त्याला कास्टर म्हणतात. गाडी पुढून उचलली की भुजांचे कोन बदलतात, आणि त्यांबरोबर कास्टर, चाकाचा आतबाहेर कल, म्हणजे कॅम्बर, आणि दोन चाकांची तोंडे जुळण्याचा कोन, म्हणजे टो, ही तिन्ही मापे हलतात. कास्टर बहुधा कमी होतो. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे होते, आणि महामार्गावर गाडी जणू डुलकी घेत असल्याप्रमाणे या कडेकडून त्या कडेकडे सरकू लागते. चालकाला वाटते नवा टायर भटकतो. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी नेली तर टो बहुतेक जुळतो. कास्टर मात्र मूळच्या भुजांच्या समायोजनात मावेल इतकाच जुळतो, आणि दोन इंचांच्या पुढे गेलात तर वरच्या भुजा बदलाव्या लागतात. चारही चाकांना जोर पुरवणाऱ्या गाडीत पुढच्या अर्ध्या आसाचे सांधे तिरके चालू लागतात, त्यांची झीज वाढते. एका ठोकळ्याने सुरू झालेली खरेदी अशी वाढत जाते.

ती कोठवर वाढते याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतल्या सेंट लुई शहरचा. बॉब चँडलर नावाचे गृहस्थ तेथे चारचाकी जोराच्या गाड्यांचे दुकान चालवीत. त्यांनी आपल्या १९७४ सालच्या फोर्ड एफ २५० पिकअपला मोठे टायर घातले. मोठ्या टायरने आस तुटला. तेव्हा त्यांनी अधिक दणकट आस घातला. दणकट आस आला तसे त्याहून मोठे टायर पेलू लागले. ते घातले तर आणखी काही तुटले. शेवटी लष्करी मालट्रकांचे आस आणि ४८ इंची टायर इथवर मजल गेली. चँडलर यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड पडतो म्हणून सारे तुटते, अशी दुकानात थट्टा चाले. त्यावरूनच गाडीचे नाव 'बिगफूट' पडले. १९८१ साली त्यांनी शेतात दोन भंगार मोटारी ठेवून त्यांवरून ही गाडी चालवली आणि पुढे त्याचाच एक खेळ बनला. चँडलर यांना आम्ही दोष देत नाही. प्रत्येक तुटलेला भाग त्यांनी ओळखला, बदलला, आणि गाडी रस्त्यावरून काढून मैदानात नेली. आपल्या हौशी मित्रांना त्यांच्या टायरचा मोह पडतो, आसांचा पडत नाही.

ब्रेकचे पाहू. चाकाची त्रिज्या सात टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच वेगातून तेवढ्याच अंतरात थांबण्यासाठी ब्रेकला सात टक्के अधिक पीळ द्यावा लागतो. टायर जड असेल तर त्याहून जास्त. ब्रेकची चकती मात्र तीच असते. घाट उतरताना ती अधिक तापते. गिअर सात टक्क्यांनी लांबल्यासारखे होतात, म्हणून चढाला इंजिन दमते आणि लोक पहिला गिअर वारंवार मागतात. वेगमापक साठ दाखवतो तेव्हा गाडी खरी चौसष्टने चाललेली असते. यातला एकेक दोष लहान आहे. ते सगळे एकाच वेळी, पावसात, उतारावर, हौद्यात माल असताना एकत्र येतात.

मालाचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. समपातळीत आणलेल्या पिकअपच्या हौद्यात कांद्याची पोती भरली की मागची बाजू दबते आणि नाक आकाशाकडे जाते. बाजारसमितीकडे जाणारी अशी नाकवर गाडी रात्री समोरून आली की तिचे दिवे थेट आपल्या डोळ्यांत घुसतात; याचा अनुभव नसलेला श्रोता या सभेत नसेल. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्यामुळे स्टिअरिंग हलके लागते. ते हलकेपण चालकाला सुखाचे वाटते. वस्तुतः पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड तेवढी सुटलेली असते. कारखानदाराने मागची बाजू उंच ठेवली होती ती याचसाठी.

उलटण्याच्या धोक्याला मोजण्याचे एक साधे माप अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने रूढ केले आहे. दोन चाकांमधल्या रुंदीचे अर्ध घ्यावे आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. साध्या मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान पडतो. उंच गाड्या आणि पिकअप यांत १.० ते १.३. आकडा जितका लहान, गाडी तितकी उलटण्यास तयार. समजा, चाकांमधली रुंदी १५२० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ६९० वर आहे. आकडा येतो १.१०. टायरने २७ मिलिमीटर आणि पुढच्या दोन इंचांनी साधारण २८ मिलिमीटर गुरुत्वमध्य वर गेला, तर आकडा १.०२ वर येतो. कागदावर आठ शतांश. पण साध्या मोटारीपासून पिकअप आधीच बरीच दूर उभी होती. उरलेल्या थोड्या जागेतून आपण हे आठ शतांश काढून घेतले.

हवेकडे परत येतो म्हणालो होतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर ही उंच गाडी फार खपली. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर येत. त्या टायरांत हवा दर चौरस इंचाला २६ पौंड भरावी अशी फोर्डची शिफारस होती. फायरस्टोनने नंतर ३० ची शिफारस केली. कमी हवेचा टायर चालताना अधिक लवतो, लवण्याने तापतो, तापल्याने त्याचे थर सुटतात. उन्हाळ्यात, वेगात, भरल्या गाडीत टायरवरची नक्षीची पट्टी उकलून निघू लागली आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. बळी दोनशेहून अधिक गेले. दोष टायरचा की गाडीचा यावर दोन्ही कंपन्या शेवटपर्यंत भांडल्या, आणि जवळजवळ शतकभराचा त्यांचा संबंध २००१ साली तुटला. आम्हांला यात दिसते ते असे की उंच गाडी आणि कमकुवत टायर या दोन गोष्टी सुट्या असताना पुष्कळदा निभावून जातात. एकत्र आल्या की निभावत नाहीत. दगडांच्या वाटेवर हवा कमी केलीत, तर डांबराला लागण्याआधी ती भरायला पंप जवळ हवाच. मित्राच्या भरवशावर पंप घरी ठेवून जाणाऱ्याने हवा कमी करू नये.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ. अमेरिकेतल्या कॅरोलिना प्रांतांत गेल्या काही वर्षांत एक विचित्र चाल निघाली : पिकअप पुढून भरमसाट उचलायची आणि मागून दाबायची, कुत्रे बसावे तशी. चालकाला बॉनेटच्या पलीकडचा रस्ताच दिसेना. नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून कायदा लागू केला की पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक असता कामा नये. तेथल्या लोकांना व्यक्तिस्वातंत्र्याचा अभिमान किती असतो हे आपण जाणतो. तेथेही हे घडले. २०२३ साली अमेरिकेतल्या विमासंस्थांच्या संशोधन केंद्राने पादचारी अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड चाळीस इंचांहून उंच असलेल्या गाड्यांनी धडक दिली तर, तीस इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. ठेंगणे बॉनेट पायाला लागते, माणूस त्यावर पडतो. उंच बॉनेट छातीला लागते. पोर असेल तर डोक्याला. दोन इंच येथे मोजावे लागतात.

आपला कायदा याहून कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलापासून ढळेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम जसे लिहिले आहे तसेच वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तरुण मंडळींना हा जुलूम वाटतो. त्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जर्मनीत असा बदल करून गाडी अधिकृत तपासनिसापुढे नेता येते. त्याने ब्रेक, स्टिअरिंग, टायरची जागा तपासून मान्यता दिली की बदल गाडीच्या कागदपत्रांत चढतो. आपल्याकडे सामान्य मालकाला असा सरळ मार्ग नाही. चांगले काम आणि वाईट काम यांत कायदा फरक करीत नाही. असा मार्ग व्हावा, असे आमचे मत आहे. पण तो होईपर्यंत आम्ही कायद्याच्या बाजूने उभे राहू, कारण आज वाईट काम फार आहे आणि त्याचा भुर्दंड मालकापेक्षा इतरांना अधिक बसतो. अपघातानंतर विम्याचा प्रश्न निघतो तेव्हा हीच हौस कागदावर उतरते, हेही ध्यानात असावे.

राहता राहिली ती ज्यांची गाडी खासगी जमिनीवर, मैदानी स्पर्धेत किंवा अशा बदलांना मुभा असलेल्या देशात चालते ती मंडळी. परदेशात असलेली आपली पुष्कळ मुले या गटात येतात. त्यांना आम्ही टायर विकत घेण्याआधी एक परीक्षा करायला सांगतो. गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. पुढची उभी स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरसकट पूर्ण काढून बाजूला ठेवावी. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात नेते, म्हणून ती शॉकपासून सुटी करण्याच्या फंदात घरी पडू नये. ज्या मापाचा टायर घ्यावयाचा त्या मापाचे चाक कोणाकडून तरी उसने आणून बसवावे. मग खालच्या भुजेखाली जॅक लावून चाक रबरी अडथळ्याला टेकेपर्यंत वर न्यावे, आणि त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. एका माणसाने फिरवावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन आत पाहावे. जेथे टायर लागतो तेथे खडूने खूण करावी. खूण प्लॅस्टिकच्या अस्तरावर पडली तर ते अस्तर तापवून मागे सारता येते. पत्र्याच्या जोडावर पडली तर तो टायर त्या गाडीचा नव्हे. त्याहून एक माप लहान घ्यावे. पुष्कळदा ते लहान माप गाडी मुळीच न उचलता बसते, आणि ठोकळ्याचे पैसे वाचतात.

ज्यांनी उचलायचीच ठरवली आहे त्यांनी एक इंच ते दीड इंचावर थांबावे, ठोकळ्याऐवजी योग्य लांबीचा शॉक आणि स्प्रिंग घ्यावी, रबरी अडथळाही तेवढाच खाली आणावा. काम झाल्यावर अलाइनमेंट, मग दिव्यांचा झोत खाली आणणे. नव्या गाडीत समोरचा रस्ता पाहणारा कॅमेरा असेल तर त्याचीही पुन्हा जुळणी. भुजांच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. स्टँडवर लोंबत्या स्थितीत आवळले तर बुशातले रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. चाकांचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. आणि पहिल्या दिवशी घाटात न जाता मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, चाळीसच्या वेगातून दोनचार वेळा जोरात ब्रेक लावून पाहावा. गाडी एका बाजूला ओढली तर तेथूनच परत फिरून अलाइनमेंटच्या यंत्रावर न्यावी.